धैर्यशीलची झोप

पाऱ्याची रेघ मला दोन दिसत होती. एक डोळा मिटला की एकच दिसायची, पण मग ती हलायची. तापमापकाच्या पांढऱ्या जाळीदार पेटीचं दार उघडून मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. दार उघडलं की आकडा पटकन वाचायचा असतो, नाहीतर आपल्याच श्वासाची ऊब पाऱ्याला लागते, असं शिंत्रे बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून मी श्वास रोखून धरला होता. आणि रोखल्यावर इतकं हलकं वाटलं, की तो परत घ्यायचा असतो हेच मी विसरून गेलो.

"नंदन, अकरा दशांश किती?" धुक्यातून बाईंचा आवाज आला.

"चार," मी म्हणालो. चार होते की सात, देव जाणे.

जानेवारी महिना होता. आमचं कृषी महाविद्यालय आजऱ्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्याला लागून. थंडीत पहाटेपासून पाण्यावरनं धुकं उठायचं आणि भाताच्या रिकाम्या खाचरांतून सरकत सरकत होस्टेलपर्यंत यायचं. नऊ वाजेपर्यंत माणसाला माणूस दिसत नसे. गाईच्या गळ्यातली घंटा वाजायची, पण गाय कुठल्या बाजूला आहे ते कळायचं नाही. त्या धुक्याच्या मधोमध, तारेच्या कुंपणात, आमची हवामान वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे एक मोकळा चौकोन, त्यात चार-पाच उपकरणं आणि कोपऱ्यात पत्र्याची खोली. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तिथल्या नोंदी घ्यायच्या. कमवा आणि शिका योजनेतून सकाळच्या नोंदीचं काम माझ्याकडे आलं होतं. मी तिसऱ्या वर्षाला होतो.

सुमन शिंत्रे या तिथल्या निरीक्षक. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, कानाला कायम मफलर. बावीस वर्षं त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती असं सगळे सांगत. बोलायच्या कमी. जे दिसतं ते लिहायचं, दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहायचं, एवढंच त्यांनी मला शिकवलं होतं. आणि मी त्यांना गेले कित्येक दिवस अंदाजपंचे आकडे सांगत होतो.

कारण त्या महिन्यांत माझी प्रत्येक सकाळ अशीच असायची. पाय जमिनीपासून वीतभर वर, डोक्यात कापूस. कुणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटायची. धुकं बाहेर आहे की माझ्या आत, याचा मी विचारही करत नसे. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

नोंदी संपल्यावर आम्ही पत्र्याच्या खोलीत गेलो. बाईंनी थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, की डोळे असे का झालेत, झोप होत नाही का. मी ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, माझा रूममेट धैर्यशील घोरतो. बाई हसल्या. मग मला सुरसुरी आली. बाईंना हसवायला मला आवडायचं. मी पेला खाली ठेवून त्यांना ते घोरणं करून दाखवलं.

"आज तर काय सांगू बाई. हुक्का गुडगुडावा तसा आवाज. पाण्यातनं बुडबुडे आल्यासारखा. आणि मधेच बंद पडतो. पार बंद. वाटतं, संपलं बाबा एकदाचं. तेवढ्यात परत सुरू."

मी हसत होतो. बाई हसत नव्हत्या. थर्मासचं झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं होतं.

"बंद पडतो म्हणजे किती वेळ?"

"असेल की. मी एकदा आकडे म्हणत होतो मनात. पंधरा-सोळा झाले."

"काल काय प्यायला होता तो?"

मी पेला उचलला. कॉलेजात दारू सापडली तर थेट घरी पाठवायचे. नियम फळ्यावरच लावला होता, जेवणघराच्या दारात.

बाई उठल्या. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. त्यांची पकड इतकी घट्ट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पळत जा. त्याला कुशीवर कर, तोंड खाली येईल असं. उताणा ठेवू नको. तोंडात काही ओतायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुणी ओतू लागलं तर हात धर. एकट्याला सोडू नको. मी जीप घेऊन येते."

"बाई, झोपलाय तो फक्त," मी म्हणालो.

"ती झोप नव्हे," बाई म्हणाल्या, आणि वळून प्रक्षेत्र कार्यालयाकडे पळत सुटल्या. साडीचा ओचा एका हातात धरून. दोन क्षणांत धुक्यानं त्यांना गिळलं. नुसत्या चपला वाजत राहिल्या.

मीही पळालो. पण ते पळणं आजही मला स्वप्नातल्या पळण्यासारखं आठवतं. बांधावरचं दव पायांना लागत होतं, ते कळत होतं, पण पाय माझे वाटत नव्हते. समोर पांढरं, मागं पांढरं. वाटलं, मी एकाच जागी आहे आणि खाली बांध सरकतोय. मधे एका झाडाच्या बुंध्याला हात लागला, तेव्हा मी त्याला धरून थांबलो. किती थांबलो? कदाचित दोनच श्वास. पण त्या दोन श्वासांत मनात एक विचार येऊन गेला, की इथंच उभं राहावं. धुकं जाईल तेव्हा सगळं आपोआप नीट झालेलं असेल. मग कुठूनतरी कोंबडा आरवला आणि मी पुन्हा पळू लागलो.

आमच्या खोलीच्या दारात चार-पाच जण जमले होते. सगळ्यांत पुढं उत्तम गळवे. उत्तम शेवटच्या वर्षाचा, वयानं आमच्याहून मोठा, होस्टेलातलं काहीही अडलं की पोरं त्याच्याकडे जात. त्याच्या हातात लिंबाच्या पाण्याचा तांब्या होता.

धैर्यशील उताणा पडला होता. कऱ्हाडकडचा, चांगला धट्टाकट्टा, रोज शंभर जोर काढणारा. त्याचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. मी खोलीतून निघालो तेव्हाही तसेच असतील. मी पाहिलं नव्हतं. तो श्वास घेत होता, मग घेत नव्हता, मग छातीतून खरखर करत एक श्वास ओढून काढत होता.

उत्तम त्याचं तोंड उघडायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"पाणी नको पाजू."

"लिंबानं उतरते. गप बाजूला हो."

"बाईंनी सांगितलंय. जीप येतेय."

उत्तमनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाईंना सांगितलंस तू?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही त्यानं, उलट इतका खाली आणला की मागच्या पोरांना ऐकू गेलं नसेल. त्याची पुढच्या आठवड्यात बँकेतल्या शेती अधिकाऱ्याच्या जागेसाठी मुलाखत होती. कालच्या पिण्याच्या बैठकीत तो होता. आम्ही तिघंच होतो. त्याचं म्हणणं, ताप आलाय म्हणून सांगू, दुपारपर्यंत उठेल, यापूर्वी असं काय कमी वेळा झालंय का.

मी धैर्यशीलच्या खांद्याखाली हात घातला आणि त्याला कुशीवर वळवायला लागलो. जड होता. एकट्यानं वळेना. तेव्हा उत्तमच खाली बसला, त्यानं कमरेला धरलं, आणि आम्ही दोघांनी त्याला वळवलं. त्याच्या तोंडातून काहीतरी गळलं आणि तो खरखरता आवाज जरा मोकळा झाला. उत्तमच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

जीपचा भोंगा वाजला. आम्ही धैर्यशीलला घोंगडीत घालून खाली नेलं. उत्तम अनवाणीच जीपमध्ये चढला.

गावातल्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत नऊ किलोमीटर. ड्रायव्हर दिवे लावून, काचेला नाक लावून गाडी हाकत होता. बाई मागं खाली बसल्या होत्या, धैर्यशीलचं डोकं मांडीवर घेऊन, एक हात त्याच्या छातीवर. छाती हलली नाही की त्या त्याच्या गालावर थापट्या मारत आणि म्हणत, "घे. घे रे बाळा. घे." जेवायला न बसणाऱ्या पोराला घास भरवताना बाया म्हणतात तसं. तो घ्यायचा. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. रस्ता नाही, झाडं नाहीत. मला वाटत होतं आपण कुठल्यातरी पांढऱ्या पाण्याखालून चाललोय, आणि वर कुठंतरी ऊन आहे.

उत्तम माझ्या कानाशी आला. दारू म्हणून सांग, तो म्हणाला. वाटलं तर बिअर म्हण. गोळ्यांचं नाव काढू नको. गोळ्या म्हटलं की पोलीस येतात, आपण तिघंही गेलो. मी मान हलवली.

रुग्णालयात डॉक्टर हेर्लेकर म्हणून एक तरुण बाई होत्या. आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी धैर्यशीलच्या पापण्या उघडून विजेरी मारली, नाकाला ऑक्सिजन लावला, सिस्टरना दोन-तीन गोष्टी भराभर सांगितल्या. मग आमच्याकडे वळून विचारलं, की यानं काय घेतलंय.

"बिअर," मी म्हणालो.

"आणखी?"

"नाही. फक्त बिअर."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाल्या, नुसत्या बिअरनं एवढा धट्टाकट्टा मुलगा असा पडत नाही. डोक्याला मार लागलाय का, साप-विंचू काही, पूर्वी फिट आली होती का? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि पडदा ओढला. पडद्याआडून त्यांचा आवाज येत होता. डोक्याचं काही असेल तर कोल्हापूरला हलवावं लागेल, पण वाटेत टिकेल का, असं त्या सिस्टरशी बोलत होत्या.

उत्तम पायरीवर जाऊन बसला, तोंड हातांत धरून. मी आणि शिंत्रे बाई व्हरांड्यातल्या बाकावर. समोर निलगिरीची चार झाडं होती, त्यांचे फक्त बुंधे दिसत होते. शेंडे धुक्यात. मला वाटलं आता त्या मला विचारतील. मी उत्तरं तयार करत होतो.

"माझा धाकटा भाऊ असाच घोरत होता," त्या म्हणाल्या. "पाडव्याचा दिवस. घरात अकरा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. आई म्हणाली, झोपू दे त्याला, उतरेल."

सकाळचे आकडे सांगतात त्याच आवाजात सांगितलं त्यांनी. मफलर सोडून पुन्हा बांधला.

"मी पण ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. निलगिरीच्या बुंध्यावरची साल निघून लोंबत होती, तिच्याकडे बघत राहिलो.

"मी तुला काही विचारत नाही, नंदन. डॉक्टरीणबाई आत जे शोधतायत ते तुला ठाऊक असेल तर आत जा. नसेल तर बस इथं माझ्याजवळ."

माझ्या स्वेटरच्या खिशात हात होता. हाताला गोळ्यांचं ते पाकीट लागत होतं, सकाळपासून लागत होतं. चंदेरी, कुरकुरीत, बहुतेक घरं फोडलेलं. ते मी का बरोबर घेतलं होतं? खोलीत कुणाला सापडू नये म्हणून. म्हणजे अंधारात पॅंट चढवतानाच मला सगळं माहीत होतं.

ते सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये माझे वडील गेले. आईला झोप लागेना म्हणून आमच्या बार्शीच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या. मलाही लागत नव्हती, पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात मी तिच्या डब्यातली एक घेतली. त्या झोपेत वडील नव्हते, आई नव्हती, कुणीच नव्हतं. मग दुसरी. जूनमध्ये कॉलेजला येताना मी तिच्या जुन्या चिठ्ठीवर आणखी आणल्या, आणि पुढं आणतच राहिलो. धैर्यशीलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो शनिवारी प्यायचा, मोठ्यानं हसायचा, झोपायचा. एवढंच त्याचं. आदल्या दिवशी सांजेला तो पिऊन उदास होता, घरून काही निरोप आला होता. मीच त्याला म्हटलं, यावर ही घे, तरंगशील. एक घेऊन काही झालं नाही म्हणाला, तेव्हा आणखी दिल्या. मी त्याच्या तळहातावर ठेवल्या. मैत्रीनं ठेवल्या. त्या वेळी मला खरंच वाटत होतं, की माझ्याजवळची सगळ्यांत चांगली गोष्ट मी त्याला देतोय.

आणि पहाटे मी जागा होतो. त्याचा श्वास बंद पडला की मला जाग यायची. आकडे काही मी गंमत म्हणून मोजत नव्हतो. सोळाला तो परत सुरू झाला, तेव्हा मी कुशीवर वळलो आणि उशी कानावर घेतली.

बाकापासून पडद्यापर्यंत पाच-सहा पावलं असतील. मी उठलो. उत्तमनं पायरीवरून मान वर करून पाहिलं. त्याला कळलं. तो "अरे" एवढंच म्हणाला.

मी पडदा सरकवून आत गेलो आणि पाकीट डॉक्टरांच्या हातात दिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"किती वाजता?"

तेही सांगितलं. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून नाव वाचलं आणि सिस्टरकडे वळून काहीतरी मागितलं. त्यांची घाई बदलली. आधी त्या शोधत होत्या, आता करत होत्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं, धैर्यशीलच्या हातातली सुई नीट बसल्यावर, त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुणाच्या गोळ्या या?"

"माझ्या. म्हणजे आईच्या."

"तू कधीपासून घेतोस?"

"मे महिन्यापासून."

"आजही?"

"हो."

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी सिस्टरला सांगितलं, की यालाही तिकडं बसवा आणि रक्तदाब बघा. मग मला म्हणाल्या, "ऐक. आजपासून एकदम बंद करायच्या नाहीत. एकट्यानं तर नाहीच. मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. येशील ना माझ्याकडं?"

ते 'येशील ना' ऐकून मी खाली फरशीवरच बसलो. फरशी थंड होती. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी थंड लागलं.

दुपारी बारा-साडेबाराला धुकं पूर्ण विरलं होतं. निलगिरीचे शेंडे दिसायला लागले, त्यांच्यावर ऊन. धैर्यशीलच्या ओठांचा रंग परत आला होता. मी त्याच्या खाटेजवळ स्टुलावर होतो, अर्धवट पेंगत. त्यानं डोळे उघडले तेव्हा छताकडे पाहिलं, मग सलाइनच्या बाटलीकडे, मग माझ्याकडे. ओठ हलले. मी जवळ वाकलो.

"कुणाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी त्याचे वडील कऱ्हाडहून आले. दांडगा माणूस, मिशा पांढऱ्या. मी उठून उभा राहिलो, मार खायच्या तयारीनं. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. पोराच्या पायथ्याशी बसले आणि त्याचे पाय चेपू लागले. अंधार पडेपर्यंत चेपत होते.

प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली, चार दिवसांनी. नियमाप्रमाणे आम्हा तिघांनाही घरी पाठवायला हवं होतं. शिंत्रे बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टर हेर्लेकरांचं पत्र होतं त्यांच्याजवळ. प्राचार्य म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा असतो. बाई म्हणाल्या, "सर, नियमाच्या भीतीनं पोरं दार लावून बसली होती. या पोरानं दार उघडलं. याला घरी पाठवलंत तर पुढच्या वेळी कोण उघडेल?" प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी त्यांनी आम्हाला ठेवलं. उत्तमला ताकीद मिळाली आणि त्याची मुलाखतही झाली. मला आणि धैर्यशीलला दर गुरुवारी गावात फर्नांडिस सरांकडे जायचं बंधन घातलं. फळ्यावरचा नियमही बदलला, पण तो पुढच्या वर्षी. कुणाला त्रास होत असताना जो मदत मागेल त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी एक ओळ खाली वाढली.

अंतोन फर्नांडिस हे निवृत्त गणित शिक्षक. स्वतः एके काळी बुडेपर्यंत पिणारे, सुटून अठरा वर्षं झालेले. त्यांच्या पडवीत सात-आठ माणसं बसायची, एक कंडक्टर, एक सोनार, एक दूध संघातला. मी पहिल्या दिवशी म्हणालो, की मी काही दारू पीत नाही, मला फक्त झोप लागत नाही. कुणी हसलं नाही. सरांनी विचारलं, वडील कशानं गेले. नऊ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली आणि संपलंच नाही, शेवटची एसटी चुकली. पुढं सगळं सरळ झालं असंही नाही. ऑगस्टमध्ये मी एकदा पुन्हा घेतल्या, आणि पुढच्या गुरुवारी पडवीत ते सांगितलं. सर म्हणाले, त्यांना पहिल्या वर्षात तीनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली होती. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या उतरवल्या. झोप परत आली, पण आपल्या मर्जीनं, उशिरा, मांजरासारखी. तिच्यात आता वडीलही यायचे. येऊ देत, मी म्हणायचो.

धैर्यशील दोन महिने घरी राहून मार्चमध्ये परत आला. त्यानं दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. गुरुवारी आम्ही एकाच एसटीनं जायचो, तो पुढं बसायचा आणि मी मागं. पडवीतही तो माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलायचा. जेवणघरात समोर आला तर ताट उचलून दुसऱ्या टेबलावर. मला राग कसला यायचा होता. मी त्याला गच्चीवर जोर काढताना बघायचो, छाती वरखाली होताना. कधी पहाटे जाग आली तर मी जिन्यानं वर जायचो आणि त्याच्या दाराबाहेर उभा राहायचो. आत तो घोरत असायचा, साधं, गावठी, न थांबणारं घोरणं. मी ऐकायचो आणि खाली येऊन झोपायचो.

असं वर्ष गेलं. शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत एक दिवस दुपारी मी खोलीत वाचत पडलो होतो. दार लोटलेलं होतं. ते उघडलं आणि धैर्यशील आत आला. अंगात बनियन, हातात निळा शर्ट.

"सुई-दोरा आहे का?" त्यानं विचारलं.

मी ट्रंक उघडून आईनं दिलेली डबी काढली. निळा दोरा नव्हता, पांढरा होता. चालेल म्हणाला. तो माझ्या खाटेवर बसला आणि बटण लावू लागला. सुईत दोरा ओवायला त्याला बराच वेळ लागला. मी म्हटलं, दे इकडं. त्यानं दिली नाही. शेवटी ओवला. बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं, नळाला पाणी आलं होतं. आम्ही त्या सकाळबद्दल काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं वीस वर्षांतही नाही. त्यानं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि शर्ट अंगात घातला. बटण वाकडं बसलं होतं. त्यानं खाली वाकून ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहाला येतोस का म्हणून विचारलं.